निरोप कुणी आणला?

‘सनद’ हा शब्द मराठीत आपण सहज वापरतो. इनामाची सनद, वकिलाची सनद. ज्याच्या हाती सनद त्याचा हक्क खरा, एवढा अर्थ आपल्याला पुरतो. मूळ अरबीत मात्र या शब्दाचा अर्थ टेकू, आधार, जिला पाठ टेकता येते अशी गोष्ट. हदीसच्या अभ्यासात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने सांगितले, आणि त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

या लेखाचा विषय ई-मेल आहे. खरा, कामाचा ई-मेल स्पॅमच्या फोल्डरात का जाऊन पडतो आणि तो तिथे जाऊ नये म्हणून काय करावे लागते, हा तो विषय. प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो. पण निरोप खरा कसा ओळखायचा, आणि खोटे गाळताना खरे हातचे जाऊ नये म्हणून काय करायचे, हे कोडे साडेसातशे वर्षांपूर्वी आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपुरात, एका माणसाने सोडवायला घेतले होते. त्याच्याही चारशे वर्षे आधी बुखारा आणि बगदादच्या विद्वानांनी त्याचे एक स्वतंत्र शास्त्र उभे केले होते. म्हणून आधी रिद्धपूर.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले हे गाव महानुभाव पंथीयांचे मोठे तीर्थ आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य इथले. चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य इथेच गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले. स्वामींच्या आठवणी प्रत्येकाकडे होत्या, पण त्या सुट्या होत्या. म्हाइंभटांनी त्या गोळा करायला घेतल्या आणि साधारण 1278 च्या सुमारास त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत त्याचे नाव पाठ केलेले असते. त्यामागची पद्धत मात्र शाळेत कुणी सांगत नाही.

म्हाइंभटांनी ऐकीव गोष्टी एकत्र करून गोड चरित्र लिहिले नाही. ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे ते गेले आणि नागदेवाचार्यांकडून आठवणी तपासून घेत राहिले. ज्या प्रसंगाबद्दल दोघांचे सांगणे जुळत नव्हते तिथे एकाला खोडून दुसरे ठेवण्याची घाई या परंपरेने केली नाही. महानुभाव परंपरेत अशा वेगळ्या सांगण्याला ‘वासना’ म्हणतात. मूळ मजकुराशेजारी अमक्याची वासना अशी, तमक्याची अशी, हे नावानिशी नोंदलेले सापडते. म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर मिळतो आणि तो कुणाच्या तोंडून आला तेही कळते.

हदीसच्या परिभाषेत मजकुराला ‘मतन’ म्हणतात आणि आणणाऱ्यांच्या साखळीला ‘इस्नाद’. म्हाइंभटांना हे शब्द माहीत असण्याचे कारण नाही, आणि त्यांनी ही रीत मुसलमानांकडून घेतली असा ओढूनताणून दावाही मी करणार नाही. असले दावे आपल्या इतिहासलेखनात फार झाले, दोन्ही बाजूंनी. खऱ्या निरोपाची काळजी करणारी माणसे वेगवेगळ्या ठिकाणी एकाच उपायापाशी पोहोचतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

इस्नादची कडक चौकशी पहिल्या दिवसापासून नव्हती. इब्न सिरीन हे इसवी सनाच्या आठव्या शतकातले विद्वान. त्यांचे एक निरीक्षण इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की आधी लोक साखळी विचारत नसत. फितना माजल्यानंतर ते सांगणाऱ्यांची नावे विचारू लागले. माणसे एकमेकांना ओळखत होती तोवर विश्वास पुरेसा होता. समाज पसरला, गट पडले, पैगंबरांच्या नावावर आपापल्या सोयीची वचने खपवली जाऊ लागली, तेव्हा तपासणी आली.

ई-मेलचा इतिहास याच वळणाने गेला आहे. 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पोहोचवण्याचे नियम लिहिले तेव्हा जाळ्यावर विद्यापीठे, संशोधन संस्था आणि लष्करी कार्यालये होती. पाठवणाऱ्याच्या जागी कोणतेही नाव घालता येत असे आणि ते तपासण्याची सोयच त्या नियमांत नव्हती. पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कुणाचेही नाव लिहावे, पोस्टमन विचारणार नाही, तसे. फितना मात्र त्याच्या आधीच डोकावून गेला होता. 3 मे 1978 रोजी गॅरी थुएर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे 400 जणांना न विचारता धाडली. त्याला पहिला स्पॅम म्हणतात. लीळाचरित्राला तेव्हा बरोबर 700 वर्षे होत होती. योगायोग म्हणून सोडून द्या.

‘स्पॅम’ हे नाव डुकराच्या मांसाच्या डब्यावरून आले. तो डबा अमेरिकेत 1937 पासून विकला जातो आणि 1970 च्या एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात त्याचे नाव कंटाळा येईपर्यंत घोकले होते. गंमत अशी, की त्यावरून संगणकवाल्यांनी खऱ्या, हव्या असलेल्या ई-मेललाही नाव दिले ते ‘हॅम’. म्हणजे आमच्या घरात दोन्ही प्रकारचे टपाल वर्ज्यच!

हसण्यावारी नेण्यासारखी नाही ती पुढची गोष्ट. गाळणी लावली की दोन प्रकारच्या चुका होतात. खोटे आत येते, किंवा खरे बाहेर राहते. पहिली चूक डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर सगळे ओरडतात. दुसरी दिसत नाही. जो निरोप मिळालाच नाही त्याची तक्रार कोण करणार? 2002 मध्ये पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या संभाव्यतेवर चालणारी गाळणी मांडली तेव्हा खरा ई-मेल अडवला जाणे ही कितीतरी मोठी चूक आहे हे त्यांनी आवर्जून सांगितले होते. चार जाहिराती आत आल्या तर दोन मिनिटे जातात. नोकरीचे बोलावणे बाहेर राहिले तर माणसाचे वर्ष जाते.

वऱ्हाडातल्या एका तालुक्यात मुलींना पुढच्या शिक्षणासाठी मदत करणारी एक छोटी संस्था आहे. नाव सांगत नाही. गेल्या वर्षी निवड झालेल्या मुलींना संस्थेने ई-मेल पाठवले. कागदपत्रे अमुक तारखेपर्यंत द्या, असे त्यात होते. बऱ्याच जणींकडे ते स्पॅममध्ये गेले. बहुतेकींना मैत्रिणींकडून कळले. एकीला कळले नाही. तिचे वडील रोजंदारीवर, घरात एकच फोन आणि तो दिवसभर भावाकडे. तारीख गेली, जागा दुसरीला मिळाली. संस्थेने तिला कळवले नाही असे तिला वाटले, आणि ती उत्सुक नाही असे संस्थेला. दोघांनाही एकमेकांबद्दल खोटे कळले आणि तसे सांगणारा कुणीच नव्हता. ही हकीकत मला संस्थेच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेकडून कळली. आम्ही त्यांना खाला म्हणतो. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘अरे, आपण खरे आहोत, मग आपले पत्र खोट्यात का टाकले?’

खालांना मी हदीसच्याच भाषेत उत्तर दिले, कारण ती त्यांना माझ्याहून चांगली येते. आपण खरे आहोत हे आपल्याला माहीत आहे. टपाल घेणाऱ्या यंत्राला कसे कळावे? हजरत उमर यांच्या दारावर अबू मूसा अशअरी यांनी तीनदा परवानगी मागितली, उत्तर आले नाही म्हणून ते परतले, आणि मागाहून विचारल्यावर पैगंबरांनी तसेच शिकवले असल्याचे सांगितले. उमर यांनी साक्षीदार मागितला. अबू सईद खुदरी यांनी साक्ष दिली तेव्हा विषय संपला. अबू मूसा खोटे बोलतील असे उमर यांना वाटत नव्हते. पण सच्च्या माणसाकडून साक्ष मागितली नाही तर खोट्याकडून कोणत्या तोंडाने मागणार?

ई-मेलच्या जगात साक्ष देण्याच्या तीन रीती आता रूढ आहेत आणि तिन्ही त्या संस्थेच्या नावावर कोऱ्या होत्या. संकेतस्थळ करून देणाऱ्याने पैसे घेतले, पण हे काम केलेच नव्हते.

पहिली एसपीएफ. संस्थेच्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत लिहून ठेवायचे, की आमच्या नावाने टपाल नेण्याचा अधिकार अमुक सर्व्हरांना आहे. ही रावींची यादी. यादीबाहेरच्याने निरोप आणला तर संशय. यात एक अडचण आहे. समजा मुलीने कॉलेजच्या पत्त्यावर आलेले टपाल आपोआप स्वतःच्या खात्यावर पुढे पाठवले जाईल अशी सोय केली, तर शेवटचा आणणारा कॉलेजचा सर्व्हर होतो, आणि तो संस्थेच्या यादीत नसतो. निरोप खरा, पण साखळीत अनोळखी कडी.

म्हणून दुसरी रीत, डीकेआयएम. यात संस्थेचा सर्व्हर प्रत्येक पत्रावर गणिती सही करतो आणि ती पडताळण्याची किल्ली सार्वजनिक नोंदीत ठेवलेली असते. वाटेत मजकुरातले एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. आपल्याकडे जुन्या राजपत्रांच्या अखेरीस मोर्तब असे, मजकूर इथे संपला हे सांगणारी छोटी मुद्रा, म्हणजे खाली कुणी ओळ घुसवू नये. ‘शिक्कामोर्तब’ तिथूनच आले. इमाम बुखारी बगदादला गेले तेव्हाची प्रसिद्ध कथाही हीच गोष्ट सांगते: दहा जणांनी प्रत्येकी दहा हदीस मुद्दाम उलटसुलट करून, एकाची साखळी दुसऱ्याच्या मजकुराला जोडून त्यांच्यापुढे म्हटल्या. त्यांनी शंभरही ऐकून घेतल्या आणि प्रत्येक साखळी तिच्या मूळ मजकुराला पुन्हा जोडून दिली. साखळी अस्सल आणि मजकूरही अस्सल असून भागत नाही. ही साखळी याच मजकुराची आहे, हे जुळावे लागते.

तिसरी डीमार्क, 2012 मध्ये जाहीर झालेली. पत्रावर दिसणारे नाव आणि वरच्या दोन साक्षींतले नाव एकच आहे का, ते ती पाहते. नसेल तर काय करायचे हेही नावाचा मालकच सांगतो: जाऊ द्या, बाजूला ठेवा, किंवा परत लावा. शिवाय आपल्या नावाने कोण काय पाठवते याचे अहवाल मालकाकडे येतात. सुरुवातीला ‘जाऊ द्या’ एवढेच ठेवून काही आठवडे अहवाल वाचावेत. घाईने कडक हुकूम सोडला तर आपलीच विसरलेली कुठलीतरी यंत्रणा, पावत्या पाठवणारी वगैरे, त्यात सापडते. 2014 च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या पत्त्यांवर असा कडक हुकूम लावला आणि जगभरच्या गटचर्चांमधली याहूवाल्यांची खरी पत्रे रातोरात परत येऊ लागली. फुकटच्या वैयक्तिक पत्त्याचे नाव लावून दुसऱ्याच सेवेमार्फत घाऊक पत्रे पाठवणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका अजून बसतो. स्वतःचे डोमेन घेणे हा त्यावरचा उपाय आणि तो फार महाग नाही.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. जीमेलच्या हिशेबात दिवसाला 5,000 पत्रे पाठवणारा तो घाऊक. त्याला एका टिचकीत यादीतून नाव काढण्याची सोय द्यावी लागते, आणि ‘हे स्पॅम आहे’ अशा तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. आपल्या संस्था एवढे टपाल कधीच पाठवत नाहीत, पण काटा सगळ्यांसाठी तिकडेच सरकला आहे.

एवढे करूनही पत्र अडू शकते, कारण साक्षींनंतर येते ती पत. हदीसशास्त्रात हिला ‘जर्ह व तादील’ म्हणतात: रावीची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी, पूर्वी काय सांगितले. इथे मला त्या जुन्या विद्वानांचा मोठेपणा जाणवतो. माणूस आपल्या गटाचा नाही एवढ्यावरून त्यांनी त्याचे सांगणे टाकले नाही. इम्रान बिन हित्तान हा खारिजी. त्याचे राजकारण बुखारींना मान्य असणे शक्य नाही, तरी त्याची रिवायत त्यांच्या संग्रहात आहे. ई-मेलची यंत्रे इतकी उदार नाहीत. स्वस्त होस्टिंगमध्ये शेकडो संकेतस्थळे एकाच आयपी पत्त्यावरून टपाल पाठवतात. त्यांतल्या एकाने घाण केली की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि बाकीच्यांची पत्रेही अडतात. शेजाऱ्याच्या करणीवरून आपल्याला तोलले जाणे. मोहल्ल्याचे नाव सांगताच भाड्याचे घर मिळेनासे होते, हा अनुभव असलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

रिद्धपूरच्या लोकांनाही ती नव्हती. महानुभाव पंथावरून मराठीत ‘मानभावी’ हा शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला ढोंगी, वरून साधा आणि आतून कपटी. जातिभेद न मानणाऱ्या, स्त्रियांना संन्यास देणाऱ्या, मराठीत धर्म सांगणाऱ्या लोकांचे नावच भाषेने स्पॅमच्या फोल्डरात टाकले. आजही आपण तो शब्द बेफिकीर वापरतो. एखाद्या समाजाचे नाव शिवी होते तेव्हा त्याने आणलेला प्रत्येक निरोप उघडण्याआधीच खोटा ठरलेला असतो.

पंथाने यावर जो मार्ग धरला त्याचे मला वाईट वाटते, आणि तो समजतोही. चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे, असा ठरलेला फेर असे. परक्यांच्या निंदेपासून वाचवायला, की पावित्र्य राखायला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणाम एकच झाला. पोथ्या पंजाबात आणि पार पेशावर-काबूलकडच्या मठांपर्यंत गेल्या, निष्ठेने नकलल्या गेल्या, पण बाहेरच्या मराठी माणसाला त्या वाचता येत नव्हत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने त्या लिप्या उलगडल्या, आणि 1930 च्या दशकात ह. ना. नेने यांनी नागपुरातून लीळाचरित्र छापून आणले. लिप्या उलगडेपर्यंत मराठी वाङ्मयाचे इतिहास या ग्रंथाला वगळूनच लिहिले जात होते.

याचे लहान रूप मी रोज पाहतो. आपल्याकडच्या संस्था सूचना पत्रात लिहीत नाहीत. पत्रिकेसारखे रंगीत चित्र करतात आणि तेवढेच जोडतात, मजकूर एक ओळही नाही. पाठवणाऱ्याला ते सुंदर दिसते, गाळणीला मात्र आत काय आहे ते नीट वाचता येत नाही. जाहिरातबाजांनी हीच युक्ती वर्षानुवर्षे वापरल्यामुळे ती संशय घेते. जे सांगायचे ते साध्या मराठीत टाइप करावे, दुवे लहान करून लपवू नयेत, आणि पाठवणाऱ्याचे नाव दर खेपेला बदलू नये.

लीळाचरित्राची आणखी एक हकीकत सांगायला हवी. मुसलमान म्हणून ती टाळणे मला बरोबर वाटत नाही. दिल्लीच्या खिलजी फौजा देवगिरीवर चालून आल्या त्या धामधुमीत ग्रंथाची मूळ प्रत नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. पुढे ज्यांच्या स्मरणात तो होता त्यांच्याकडून तो पुन्हा लिहून घेतला गेला, आणि त्यात हिराइसा या शिष्येचे नाव आदराने घेतले जाते. हिच्या पाठावरून लिहिलेले, असे सांगण्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मक्केत अकराव्या शतकात करीमा अल्-मरवझिय्या यांच्याकडून सहीह बुखारी ऐकून घ्यायला दूरदूरचे विद्वान येत आणि सनदेत त्यांचे नाव लिहीत. खालांना मी या दोघींबद्दल सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे शेवटी कुणाच्या तरी लक्षात राहायला हवे.’

त्यांनी संस्थेत जे बदल केले त्यांतला निम्मा भाग तांत्रिक होता: तिन्ही नोंदी घातल्या गेल्या, आणि त्यांची चाचणी स्वतःच्याच दोन-तीन खात्यांवर पत्रे पाठवून केली. उरलेला निम्मा त्यांच्या डोक्यातला. आता अर्ज घेतानाच मुलीला त्याच वेळी, समोर बसवून, संस्थेच्या पत्त्यावर दोन ओळींचा ई-मेल लिहायला लावतात आणि तो पत्ता तिच्या संपर्कयादीत घालून देतात. ज्याच्याशी आपण स्वतः बोललो त्याचे उत्तर गाळणी सहसा अडवत नाही. स्पॅमचे फोल्डर कुठे असते ते दाखवतात; जीमेल तिथले टपाल 30 दिवसांनी पुसून टाकते हेही सांगतात, आणि आपले पत्र तिथे सापडले तर ‘हे स्पॅम नाही’ असे दाबायला सांगतात. निवडीची यादी संस्थेच्या दारावर कागदावरही लागते. आणि तीन दिवसांत उत्तर आले नाही, तर मुलीच्या घरच्या नंबरावर खाला स्वतः फोन करतात, संध्याकाळी सातनंतर, भाऊ घरी आलेला असताना.